गोवराचे गणित: एक डोस का पुरत नाही?

“डॉक्टर, नवव्या महिन्यात लस दिलीय. परत कशाला?” मुळशीत हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. भारताने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी २०२६ हे लक्ष्य ठेवले आहे, म्हणून त्याचे उत्तर समजून घेऊ.

साथ कशी पसरते, हे गणिती मॉडेलने मांडता येते. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या शास्त्रज्ञांनी १९२७ मध्ये असे मॉडेल मांडले आणि ते मुंबईतल्या १९०५-०६ च्या प्लेगमधील आठवडावार मृत्यूंच्या आकड्यांशी ताडून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा: लागण होऊ शकेल अशा माणसांची संख्या एका मर्यादेखाली गेली की साथ ओसरते.

गोवरासाठी ही मर्यादा फार कडक आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल, तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते. १५ धरू. साथ वाढू नये म्हणून त्यातल्या १४ जणांना संरक्षण हवे, म्हणजे सुमारे ९३ टक्के. म्हणूनच ९५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवतात.

आता लसीचे पाहा. नवव्या महिन्यातल्या डोसने १०० पैकी साधारण ८५ बाळांना संरक्षण मिळते. म्हणजे प्रत्येक बाळाला पहिला डोस दिला, तरी ९३ चा आकडा गाठता येत नाही. उरलेल्या बहुतेक बाळांना दुसरा डोस सांभाळतो.

मॉडेल भविष्य सांगत नाही; ‘असे केले तर काय होईल’ एवढेच सांगते. शिवाय सरासरी फसवी असते. तालुक्याचा आकडा चांगला असला, तरी हिंजवडीतल्या एखाद्या बांधकाम मजुरांच्या वस्तीत डोस चुकलेली मुले एकत्र असू शकतात. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडीसारख्या दाट वस्तीत गोवर पसरला आणि लहान मुले दगावली.

पालकांनी काय करावे?

• पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्या. सरकारी केंद्रात तो मोफत आहे.
• डोस चुकला असेल, तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. कार्ड हरवले तरी आशाताईंना भेटा.
• ताप, खोकला, लाल डोळे आणि पुरळ दिसल्यास लगेच डॉक्टरांना दाखवा. पुरळ आल्यापासून चार दिवस मुलाला शाळा-अंगणवाडीत पाठवू नका.

तुमच्या बाळाचा दुसरा डोस शेजारच्या सहा महिन्यांच्या तान्ह्यालाही जपतो. त्याचे लसीचे वय अजून झालेले नाही.