हिमनद्यांचा वाद आणि त्यांचा जमाखर्च

चंडीगढजवळच्या चंडीमंदिर येथे शिवालिकच्या टेकड्यांच्या पायथ्याशी घग्गर नदी वाहते. पावसाळ्यात ती दुथडी भरते आणि पाऊस सरला की तिचे पात्र रोडावते. कारण तिच्या उगमाशी बर्फ नाही. तिच्या पश्चिमेस वाहणारी सतलज मात्र पावसाचा थेंब पडण्यापूर्वीच, भर उन्हाळ्यात फुगू लागते. सतलजेच्या भारतातील पाणलोट क्षेत्राचा अभ्यास करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार, भाक्रा धरणापाशी तिच्या वार्षिक प्रवाहातील सुमारे ५९ टक्के पाणी हिम व हिमनद्या वितळून आलेले असते. भाक्र्याच्या कालव्याचेच पाणी चंडीगढच्या नळांना येते. म्हणून हिमालयातील बर्फ खरोखर घटत आहे काय, हा प्रश्न विद्वानांच्या सभेपुरता उरत नाही. तो घागरीशी आणि शेताशी येऊन पोहोचतो.

या प्रश्नावर आपल्या देशात मोठा वाद झाला. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २००७ सालच्या अहवालात, हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत किंवा त्यापूर्वीही नाहीशा होण्याची फार मोठी शक्यता आहे, असे विधान होते. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताच्या पर्यावरण मंत्रालयाने एक चर्चापत्र प्रसिद्ध केले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक वि. कु. रैना हे त्याचे लेखक होत. हिमनद्यांची माघार हवामानबदलामुळे असाधारण वेगाने होत आहे असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. दोन्ही पक्षांत कठोर शब्दांची देवघेव झाली. पुढे २० जानेवारी २०१० रोजी मंडळाने २०३५ च्या विधानाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. ते विधान तज्ज्ञांनी तपासलेल्या संशोधनावर आधारलेले नव्हते.

येथे अनेकांनी घाईने निष्कर्ष काढला की, वर्ष चुकले म्हणजे संकटही खोटे. हा तर्क टिकणारा नाही. घर पडण्याची तारीख सांगताना कोणी चुकला, म्हणून भिंतीची भेग बुजत नाही. भेग रुंदावते आहे की नाही, हे मोजूनच ठरवावे लागते.

आणि मोजावयाचे काय, हाच वादाचा खरा गाभा होता. हिमनदीचे टोक, म्हणजे तिचे मुख, कोठपर्यंत येते हे पाहणे सोपे असते. मिलम हिमनदीच्या मुखाची नोंद १९०६ मध्ये झाली आणि गंगोत्रीच्या मुखाचे मोजमाप जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये केले. या नोंदी मोलाच्या आहेत. परंतु केवळ मुखावरून हिमनदीची प्रकृती कळत नाही. मोठ्या हिमनदीचे मुख हवामानातील बदलास अनेक वर्षांनी प्रतिसाद देते. शिवाय मुखाजवळ दगडमातीचा जाड थर असल्यास त्याखालील बर्फ सावकाश वितळतो. अशी हिमनदी आहे तेथेच राहून आतून पातळ होत जाते. म्हणून तिचा जमाखर्च मांडावा लागतो : हिमवृष्टीने किती भर पडली आणि वितळून किती गेले. खर्च वर्षानुवर्षे जमेपेक्षा अधिक असेल, तर मुख स्थिर दिसले तरी भांडवल सरत असते.

हा हिशेब आता उपलब्ध आहे. लाहौल-स्पितीतील छोटा शिगरी हिमनदीवर २००२ पासून असे मोजमाप चालू आहे. २०१९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी जुन्या हेरगिरी उपग्रहांची छायाचित्रे नव्या निरीक्षणांशी ताडून हिमालयातील सुमारे ६५० हिमनद्या तपासल्या. १९७५ ते २००० या काळात त्यांच्या पृष्ठावरून दरवर्षी सरासरी २२ सेंटिमीटर उंचीच्या पाण्याइतका बर्फ कमी होत होता. २००० ते २०१६ या काळात तो आकडा ४३ वर गेला. म्हणजे ऱ्हासाचा वेग जवळजवळ दुप्पट झाला. काराकोरममधील काही हिमनद्या स्थिर राहिल्या वा पुढेही सरकल्या, हेही खरे आहे. शास्त्राने ते लपविले नाही. त्या अपवादाचे कारण शोधण्याचा यत्न चालू आहे.

तेव्हा पुरावा अपुरा आहे हे रैना यांचे म्हणणे त्या वेळी रास्त होते. परंतु ऱ्हास असाधारण नाही, ही समजूत पुढील मोजमापापुढे टिकली नाही. शंका घेणे हा शास्त्राचा अधिकार आहे. त्या अधिकाराबरोबर एक कर्तव्यही येते. शंकेखोराने मोजमापाची मागणी करावी, आणि मोजमाप हाती आल्यावर त्याचा निवाडा मान्य करावा. भय दाखविणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. न तपासलेल्या एका वर्षाने सत्य पक्षाचीच जेवढी हानी केली, तेवढी त्याच्या विरोधकांना साधली नसती.

हिमनद्या घटल्या म्हणून सतलज उद्या कोरडी पडेल, असेही कोणी समजू नये. तिचे पुष्कळसे पाणी दर हिवाळ्यात पडणाऱ्या हिमाचे असते. बर्फ वितळत असता काही काळ प्रवाह वाढतोही. पुढे मात्र तो ओसरू लागतो. पावसाने दगा दिलेल्या वर्षी नदीला सावरून धरणारा साठा लहान झालेला असेल, हे खरे संकट आहे. ते एका दिवसात येत नाही, म्हणूनच ते नजरेआड होते. २०१९ मध्ये काठमांडू येथून प्रसिद्ध झालेल्या हिंदुकुश-हिमालयाच्या समीक्षेनुसार, जगाची तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी या पर्वतप्रदेशातील एकतृतीयांश बर्फ शतकाअखेर गमवावा लागेल. उरलेल्यापैकी किती वाचेल, हे कोळसा व तेल जाळण्यावर माणूस किती लवकर आवर घालतो यावर अवलंबून आहे.

आपल्या हिमालयात जमाखर्चाची सलग नोंद असलेल्या हिमनद्या अद्याप मोजक्याच आहेत. अशा नोंदी वाढविणे, त्यांसाठी चिकाटीने द्रव्य व माणसे पुरविणे आणि आलेले आकडे सर्वांपुढे मोकळेपणाने ठेवणे, हे वादविवादापेक्षा अधिक अगत्याचे आहे. विद्यार्थ्यांनीही असा कोणताही आकडा वाचताना तो कोणी मोजला, कसा मोजला आणि किती वर्षे मोजला, एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. या प्रश्नांना जो आकडा उत्तर देतो, त्यावर भरवसा ठेवून पुढील पिढीच्या पाण्याची तजवीज करण्यास आज हयगय करू नये.