विंडो कोणी हलवली?

संगणकाला प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडून काम करणे आता पुष्कळ शाळांत नित्याचे झाले आहे. लॅपटॉपच्या पडद्यावर पाठाचे टिपण आणि मोठ्या पडद्यावर वर्गाला दाखवायच्या आकृत्या, अशी मांडणी शिक्षक करतात. तास संपतो, केबल काढली जाते आणि मोठ्या पडद्यावरच्या साऱ्या विंडो लहान पडद्यावर एकावर एक येऊन पडतात. पुढच्या तासाला केबल पुन्हा जोडली, तरी त्या आपापल्या जागी परत जातीलच असा भरवसा नसतो. मग मांडामांड पहिल्यापासून! “मला हे यंत्र नीट जमत नाही,” असे म्हणून कित्येक जण स्वतःलाच दोष देतात. माझे मत मात्र असे आहे, की हा दोष बहुधा वापरणाऱ्याचा नसून यंत्राला घालून दिलेल्या नियमाचा असतो. शाळेतल्या गणितानेच हे तपासून पाहू.

आलेखाचा कागद घ्या. संगणकाच्या पडद्यावर आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि खाली जावे तसा य वाढत जातो. मोजण्याचे एकक म्हणजे पिक्सेल. समजा, लॅपटॉपचा पडदा १९२० पिक्सेल रुंद आहे. त्यावरील क्ष ० ते १९१९ होईल. उजवीकडे १२८० पिक्सेल रुंदीचा प्रोजेक्टर जोडला, की त्याला १९२० ते ३१९९ हा भाग मिळतो. (तो डावीकडे जोडला असे सांगितले, तर त्यावरील क्ष ऋण होईल. ऋण संख्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे!)

आता प्रोजेक्टरवर प्रत्येकी १००० पिक्सेल रुंदीच्या दोन विंडो आहेत. एकीची डावी कड १९५० वर, दुसरीची २१५० वर. केबल काढली. आता १९१९ च्या पलीकडे पडदाच उरला नाही. विंडो तिथेच राहिली तर ती चालू असूनही कोणाला दिसणार नाही. म्हणून यंत्र तिला आत ओढते. एक साधा नियम घेऊ : विंडो पुरती दिसेल इतकीच डावीकडे सरकवावी. १९२० मधून १००० वजा केले, उरले ९२०. पहिली विंडो ९२० वर आली आणि दुसरीही ९२० वरच आली.

इथे थांबून विचार करा. १९५० आणि २१५० या दोन वेगळ्या संख्यांची मिळून एकच संख्या झाली. आता नुसत्या ९२० वरून मूळ संख्या कोणती होती, हे जगातला कोणताही गणिती सांगू शकणार नाही. शिवाय केबल पुन्हा जोडली तरी ९२० ही जागा लॅपटॉपच्या पडद्यावर अगदी रीतसर आहे. तेथून विंडो हलवण्याचे यंत्राला काही कारणच दिसत नाही. जुनी संख्या पुसून तिच्या जागी नवी लिहिली, तिथेच माहिती हरवली.

ही अडचण जुनी आहे. ॲपलच्या १९८७ मधील मॅकिंटॉश २ या संगणकाला एकाहून अधिक मॉनिटर जोडता येत. घरगुती वापराच्या विंडोजमध्ये ही सोय विंडोज ९८ पासून आली. पण त्या काळी जड मॉनिटर एकदा टेबलावर ठेवला, की तो सहसा हलत नसे. आज लॅपटॉपची केबल दिवसातून चार वेळा लावावी आणि काढावी लागते.

कोणी म्हणेल, “बिचाऱ्या यंत्राला कोणता मॉनिटर परत आला हे कसे कळावे?” कळू शकते! एचडीएमआयच्या केबलमध्ये १९ वी पिन जोडणी झाल्याची खूण देते. त्यानंतर मॉनिटर आपली ओळख सांगणारी माहिती संगणकाला पुरवतो. १९९४ मध्ये ठरलेल्या या पद्धतीनुसार ही ओळख मुळात १२८ बाइटांची असते. तीत उत्पादकाची तीन अक्षरी खूण, उत्पादनाचा क्रमांक, निर्मितीचे वर्ष इत्यादी नोंदी असतात. काही मॉनिटरांवर वेगळा अनुक्रमांक नोंदलेला नसतो, त्यामुळे एकसारखे दोन मॉनिटर ओळखताना घोटाळा होऊ शकतो. तसेच डिस्प्लेपोर्टने जोडलेला एखादा मॉनिटर नुसता बंद केला, तरी संगणकाला तो काढून नेल्यासारखा वाटतो. पण या अडचणी कठीण असल्या तरी अशक्य कोटीतल्या नाहीत. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ मध्ये मॉनिटरच्या जोडणीनुसार विंडोंच्या जागा लक्षात ठेवण्याची सोय दिलेली आहे, हा त्याचा पुरावाच होय.

म्हणून माझे म्हणणे असे : यंत्राने प्रत्येक विंडोसाठी दोन नोंदी ठेवाव्यात. माणसाने ती कुठे ठेवली, ही पहिली; अडचणीपायी यंत्राने ती कुठे नेली, ही दुसरी. दुसऱ्या नोंदीने पहिली कधीही पुसू नये. मात्र केबल काढल्यावर माणसाने स्वतः विंडो उचलून दुसरीकडे ठेवली, तर ती त्याची नवी इच्छा समजावी आणि पहिली नोंद बदलावी. विंडो कुठे आहे याइतकेच ती कोणी हलवली यालाही महत्त्व आहे.

परंतु एक सावधगिरी हवी. समजा, शिक्षकांनी रिकाम्या वर्गात प्रोजेक्टरवर गुणांची यादी उघडून पाहिली आणि केबल काढली. दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात केबल जोडताच यंत्राने इमानदारीने ती यादी पुन्हा पडद्यावर नेली, तर? एखाद्या मुलाचे कमी गुण साऱ्या वर्गाला दिसावेत, ही गोष्ट लहान नव्हे. प्रोजेक्टर आपली ओळख सांगतो, पण समोर कोण बसले आहे हे सांगत नाही. तेव्हा चारचौघांच्या पडद्यावर काहीही नेण्यापूर्वी यंत्राने विचारावे. लक्षात ठेवणे हे यंत्राचे काम आहे. दाखवावे की नाही, हे माणसाने ठरवावे.

तोवर आपणही काही करू शकतो. शिक्षकांनी केबल जोडण्यापूर्वी खासगी विंडो बंद कराव्यात. विंडोजमध्ये ‘विंडोज’ आणि ‘शिफ्ट’ या कळा दाबून धरून डावा किंवा उजवा बाण दाबला, की चालू विंडो शेजारच्या पडद्यावर जाते. हे विद्यार्थ्यांनी शिकून घ्यावे आणि गरज पडेल तिथे मदत करावी. आणि आलेखाच्या कागदावर वरचे उदाहरण जरूर सोडवून पाहा. प्रोजेक्टर डावीकडे असता तर? एक विंडो ७०० पिक्सेल रुंद असती तर? तुमच्यापैकीच कोणी तरी उद्या असे नियम लिहिणार आहे. त्या वेळी दुसऱ्याने नीट मांडलेले आपण विस्कटत तर नाही ना, एवढे आधी पाहा.