तटस्थतेची खरी कसोटी

युद्धकाळात शत्रूशी हातमिळवणी करणाऱ्यांविषयी लिहिताना दोन्ही बाजूंना सारखी जागा द्यावी, असा एक आग्रह असतो. फ्रान्सचे मार्शल पेताँ यांचे समर्थक याच न्यायाने म्हणतात : १९१६ मध्ये व्हर्दून राखणारे हे सेनानी १९४० च्या पराभवानंतर फ्रान्सची ढाल बनले, त्यांनी हिटलरशी जुळवून घेतले म्हणूनच जनतेचे हाल कमी झाले.

हे म्हणणे पुराव्यापुढे टिकत नाही. ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून हुसकावणारा ऑक्टोबर १९४० चा कायदा पेताँ यांनी पराभवानंतर व्हिशी शहरातून चालवलेल्या सरकारने आपणहून केला. इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये जर्मन दफ्तरे धुंडाळून दाखवले, की सहकार्यासाठी व्हिशी सरकारच पुढाकार घेत होते. जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३,००० ज्यूंना फ्रेंच पोलिसांनी पकडले. त्यांत ४,००० हून अधिक मुले होती. १६ वर्षांखालील मुलांनाही जर्मनांकडे पाठवावे, असे सरकारप्रमुख लाव्हाल यांनी स्वतः सुचवले. मुलांना शत्रूच्या हवाली करणाऱ्या सरकारला ढाल कसे म्हणावे?

मग सरसकट ‘देशद्रोही’ म्हणून मोकळे व्हावे काय? तेही नाही. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यातून मुक्त होण्याच्या काळात हजारो संशयितांना रीतसर खटल्याविना मारले गेले, हजारो स्त्रियांचे केस भर चौकात भादरले गेले. उलट, बोर्दोतून ज्यूंची रवानगी करण्यात हात असलेले सरकारी अधिकारी मोरीस पापाँ पुढे मंत्री झाले. त्यांना शिक्षा व्हायला १९९८ उजाडले. संतापाला तोटा नव्हता. तोटा होता शहानिशेचा.

म्हणून लेखकाने कर्ता लपवू नये. हुकूम कोणाचा, सही कोणाची, तारीख कोणती, हे स्पष्ट लिहावे. पोटासाठी जर्मन कारखान्यात राबणारा मजूर आणि व्हिशीच्या ‘मिलिस’ या निमलष्करी दलात भरती होऊन स्वकीयांवर बंदूक रोखणारा तरुण यांना एका मापाने मोजू नये. भीती आणि सक्ती नोंदवावी, तसा नकाराचा मार्गही नोंदवावा : १० जुलै १९४० रोजी पेताँ यांना सर्वाधिकार देणाऱ्या ५६९ लोकप्रतिनिधींबरोबरच विरोधात मत देणारे ८० जणही होते. व्हर्दूनचे श्रेय पुसू नये. पण १९४२ च्या हिशेबातून ते वजाही करू नये.

फ्रान्समधून सुमारे ७६,००० ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवण्यात आले; परतले जेमतेम काही हजार. न परतलेल्यांची साक्ष कोणी काढू शकत नाही. ती उणीव भरून काढायची तर पुरावा न वाढवता, न घटवता मांडला पाहिजे.