कुंडीतील अपराध

परवा आमच्या महाविद्यालयातील प्राध्यापकमंडळींच्या बैठकीत बोलता बोलता एक विषय निघाला. कोणी सांगितले की, कॅनडात दीर्घ आजाराने गांजलेल्या रुग्णास, डॉक्टरांचा दाखला असल्यास, स्वतःच्या औषधापुरती गांजाची झाडे घरच्या हरितगृहात लावता येतात; आणि पुष्कळ रुग्ण ती रासायनिक खतांवाचून वाढवितात. हे ऐकताच एक विद्वान गृहस्थ उद्गारले, ‘नाव औषधाचे, गाव व्यसनाचे!’ बैठक हसली. आम्हीही हसलो. पण घरी परतताना त्या हसण्याची लाज वाटू लागली. ज्याचे दुखणे आपण भोगले नाही, त्याच्या औषधाची थट्टा करणे फार सोपे असते.

ही सवलत तेथील सरकारने औदार्याने दिलेली नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. टेरन्स पार्कर या अपस्माराच्या रुग्णाने आपल्या झटक्यांवर उपाय म्हणून घरी गांजा लावला, त्याच्यावर खटला झाला, आणि २००० साली ओंटारिओच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, रोग्याला तुरुंग किंवा रोग यांपैकी एक निवडावयास लावणे राज्यघटनेस धरून नाही. पुढे २००१ साली औषधी गांजाचे नियम झाले. काही वर्षांनी सरकारने घरची लागवड बंद करून रुग्णांनी परवानाधारक उत्पादकांकडूनच माल घ्यावा असे ठरविले; तेव्हा रुग्ण पुन्हा न्यायालयात गेले, आणि २०१६ साली संघीय न्यायालयाने तोही नियम रद्द ठरविला. २०१८ साली प्रौढांना गांजा सरसकट खुला झाला, तरी रुग्णांसाठी नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था कायम राहिली. तात्पर्य, आज कॅनडातील रुग्णाच्या हरितगृहात जे झाड उभे आहे, ते न्यायालयात लढून मिळविलेले आहे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, घरची लागवड म्हणजे बेफिकिरीचा कारभार. असे म्हणणाऱ्याने हे झाड कसे वाढते याची चौकशी केलेली दिसत नाही. या वनस्पतीत नर व मादी झाडे बहुधा वेगळी असतात, आणि औषधी द्रव्य मुख्यतः मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील राळेच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते. म्हणून नर झाडे वेळीच ओळखून उपटावी लागतात. दिवस लहान झाल्यावाचून बहुतेक जातींना फुलोरा येत नाही. आणि कॅनडात दिवस लहान होऊ लागतात तोच थंडी दाराशी येते. हरितगृहाची गरज ती यासाठी. परंतु तेथेही हवा दमट राहिली की भरल्या फुलोऱ्याला बुरशी लागते, आणि तशा बुरशीचा धूर क्षीण प्रतिकारशक्तीच्या रुग्णास प्राणघातक ठरू शकतो. म्हणून वारा खेळता ठेवणे, गांडूळखत व कुजलेला पाला घालणे, माव्यावर ढालकिडे सोडणे, रोज प्रत्येक पान उलटून पाहणे, हे सारे करावे लागते. हा व्यसनी माणसाचा दिनक्रम नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. औषध शुद्ध हवे, आणि शुद्धता कारखान्यातच सांभाळली जाते, असे म्हणतात. पण २०१६-१७ च्या सुमारास कॅनडातील काही परवानाधारक उत्पादकांच्याच मालात मायक्लोब्युटॅनिल हे गांजावर वापरण्यास मनाई असलेले बुरशीनाशक सापडले, आणि तो माल परत मागवावा लागला. हे द्रव्य तापविले असता त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघतो. परवान्याच्या कागदाने शुद्धता येत नाही, एवढे तरी यावरून कळावे. तितक्याच प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, ‘सेंद्रिय’ या शब्दानेही ती येत नाही. हे झाड जमिनीतील शिसे, कॅडमियम यांसारखे धातू शोषून घेते. माती दूषित असेल तर शेणखताने ती पवित्र होत नाही. यावर खरा उपाय एकच : माती व फुलोरा तपासून देणारी प्रयोगशाळा रुग्णास परवडेल अशा दरात मिळावी.

तिसरा आक्षेप मात्रेचा व गैरवापराचा. तो आम्ही नाकारीत नाही. दुर्धर बाल-अपस्मारासाठी २०१८ साली अमेरिकेत मान्य झालेले औषध हे शुद्ध, मोजलेले कॅनाबिडिऑल आहे. घरच्या काढ्याला त्याची बरोबरी करता येणार नाही, आणि कोणत्याही आईबापांनी तसा प्रयोग करू नये. रुग्णाच्या नावाखाली बाजारासाठी झाडे लावणारे लबाडही कॅनडात निघाले आहेत. परंतु लबाडाला पकडण्यासाठी रुग्णाला शिक्षा करावी, हा न्याय कोठला?

आता आपल्या घरात डोकावू. शार्ङ्गधरसंहितेत भांगेचा औषधद्रव्य म्हणून उल्लेख आहे. १८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. ओशॉनेसी यांनी धनुर्वातादी रोगांवर तिचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि येथूनच ती पाश्चात्त्य औषधकोशांत गेली. १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज आयोगाने १,१९३ साक्षीदारांच्या जबान्या तपासून सरसकट बंदी अनावश्यक ठरविली. आणि १९८५ चा कायदा काय म्हणतो? फुलोरा म्हणजे गांजा, निषिद्ध. सुटी पाने त्या व्याख्येबाहेर. म्हणून काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने चालतात, विजयेच्या पानांची आयुर्वेदीय औषधे बाटलीत भरून विकली जातात. पण त्याच झाडाची लागवड विनापरवाना केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व लाख रुपयांपर्यंत दंड! वैद्यकीय कारणासाठी परवान्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु दोन कुंड्या लावू इच्छिणाऱ्या रुग्णाला त्या वाटेने जाता येत नाही. म्हणजे औषध विकत घेतले तर उपचार, आणि पेरले तर अपराध.

कायदा आहे तोवर तो पाळलाच पाहिजे. कोणी हे वाचून परसात बी टाकू नये. परंतु पाळणे म्हणजे त्याविषयी विचार करणे सोडणे नव्हे. ज्या घरांनी तुळस, अडुळसा, कोरफड दारी लावून पिढ्यान्‌पिढ्या खोकला-भाजण्यावर उपाय केले, त्या घरांतील सुशिक्षितांनी तरी वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाची कैफियत ऐकण्याआधी हसू नये. डॉक्टरांचा दाखला, मोजकी झाडे, नोंदणी आणि प्रयोगशाळेची तपासणी : एवढ्या चार अटींवर आपल्याकडेही रुग्णास परवाना द्यावा की नाही, याची चर्चा विधिमंडळांत व वैद्यकसभांत उघडपणे व्हावी, एवढीच आमची मागणी आहे. पुढच्या बैठकीत त्या विद्वान गृहस्थांपुढे आम्ही हीच मागणी ठेवणार आहोत. त्यांनी खुशाल विरोध करावा. मात्र या वेळी कोटी नको, कारणे द्यावीत.