भिंतीला भोकं पाहिजेत!

चाकणच्या कंपनीत मी दिवसभर कारचे बंपर डिझाइन करतो. त्यामुळे मोशीतल्या रो-हाउसच्या मागे चार फुटांची भिंत बांधायची म्हटल्यावर मला काडीचं टेन्शन नव्हतं. एका गुरुवारी (आमची सुट्टी गुरुवारी, तुमचा संडे तुम्हाला लखलाभ!) लॅपटॉपवर झकास थ्री-डी ड्रॉइंग केलं. दगडी क्लॅडिंग, वर बोगनवेल, खाली लाइट्स. एकदम रिसॉर्ट लुक!

गरज होतीच म्हणा. आमची बाग उतारावर. मागच्या पावसाळ्यात कडेची माती घसरली आणि माझी लाडकी जास्वंद मुळांसकट खालच्या प्लॉटमध्ये गेली. तिथे नव्या बिल्डिंगवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. जास्वंद एका खोलीच्या दारातच जाऊन पडली. तिथल्या छोटीने ती उचलून तेलाच्या डब्यात लावली.

मिस्त्रींनी ड्रॉइंग पाहिलं. "झ्याक हाय साहेब. पन पाणी कुठनं जानार?"

"कुठलं पाणी?"

"मागचं. नुसती माती भिंत पाडत न्हाय. पाणी पाडतं."

त्यांना भिंतीत दर चार-पाच फुटांवर पाइप हवे होते. म्हणजे भोकं! गाळ ओघळणार, क्लॅडिंगवर डाग पडणार. मी साफ नाही म्हणालो. रात्री मात्र झोप येईना, म्हणून कॉलेजचं पुस्तक काढलं. चार फुटांच्या भिंतीमागे वरपर्यंत पाणी तुंबलं, तर दर मीटर लांबीला एकट्या पाण्याचा रेटा जवळपास पाऊण टन! उंची दुप्पट केली की रेटा चौपट आणि भिंत उलथवणारा जोर आठपट. शिवाय काळी माती पाणी पिऊन फुगते, ते वेगळंच.

मग कोंढवा आठवलं. २९ जून २०१९, मध्यरात्र उलटलेली. मुसळधार पावसानंतर एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली. १५ जण गेले, त्यांत लहान मुलंही. तेव्हा मी बातमी वाचून हळहळलो आणि कामाला लागलो. आता भिंतीच्या वरच्या बाजूला मी होतो.

सकाळी मिस्त्रींना फोन केला, "तुमचंच बरोबर." घट्ट मुरूम लागेपर्यंत पाया खणला. भिंतीला मागे, मातीच्या बाजूला, थोडा कल दिला. पाठीमागे फूटभर रुंद खडी भरली. खडी आणि मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे गाळ शिरून खडी चोंदत नाही. पाइपांना बाहेर उतार. ते पाणी खोल्यांत शिरू नये म्हणून पायथ्याशी नाली काढून पावसाळी गटाराला जोडली. बजेट वाढलं, लाइट्स कॅन्सल. रिसॉर्ट लुक गेला तेल लावत!

पहिल्या मोठ्या पावसात रात्री टॉर्च घेऊन खाली उतरलो. एक सोडून सगळी भोकं वाहत होती. त्या एकात सळई घातली, तेव्हा भसकन गढूळ पाणी आलं. पत्र्याचं दार उघडलं. "सब ठीक है, साहब?"

"हां, ठीक है. सो जाओ." दाराशी डब्यातली जास्वंद भिजत होती.

तुमच्याही सोसायटीला अशी भिंत असेल. या संडेला मॉलला जाण्याआधी तिच्यापाशी एक चक्कर मारा. भोकं बुजलीत? पोट सुटलंय? तिरकी चीर दिसतेय? मग कमिटीच्या मागे लागा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. भिंतीखाली कोण राहतं, तेही जरा डोकावून बघा.