‘शेअर’चा अर्थविस्तार जुनाच



इंग्रजीतील ‘शेअर’ या क्रियापदास ‘सांगणे’ हा अर्थ मोबाइलने चिकटविला, ही गतांकातील पत्रलेखकांनी गुदरलेली तक्रार जुने दप्तर तपासल्यास टिकत नाही. कारण फ्रँक बुकमन यांच्या ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीमध्ये १९३० च्या दशकातच आपली पापे सोबत्यांपुढे उघड करण्यास हेच क्रियापद रूढ झाले होते, आणि त्याच मंडळींच्या सहवासातून १९३५ साली उदयास आलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीत एखादा व्यसनग्रस्त आपली कर्मकहाणी कथन करतो, तेव्हा तो आजही ‘शेअर’च करीत असतो. मूळ धातू कापण्याचा, वाटे पाडण्याचा, हे मान्य. पण दुःखाचे वाटेकरी आपल्या मराठीतही असतातच. माझी हरकत निराळी आहे: परक्याचा मजकूर न वाचताच पुढे ढकलणे, ज्यात धाडणाऱ्याचे स्वतःचे काहीच नसते, त्यासही हेच नाव मिळावे, हे मला मंजूर नाही.

आपला,
एक वाचक