सावल्यांची भाषा : बर्लिन ते पुणे

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतरचा जर्मनी टंचाईने, महागाईने आणि भयाने ग्रासलेला होता. अशा काळात कलेला गोड चित्रे रंगविणे अवघड जाते. तेथील कलावंतांनी बाहेरचे जग जसेच्या तसे दाखविण्याचे सोडून मनातील अस्वस्थताच पडद्यावर उतरविली. या शैलीला अभिव्यक्तिवाद असे नाव आहे.

या शैलीचा सर्वांत प्रसिद्ध चित्रपट म्हणजे रॉबर्ट वीने यांचा ‘डॉक्टर कॅलिगारी’. तो २६ फेब्रुवारी १९२० रोजी बर्लिनमध्ये प्रथम दाखविला गेला. त्यातील घरे वाकडी, खिडक्या तिरक्या आणि रस्ते सुरीच्या पात्यासारखे टोकदार आहेत. हे सारे कापडावर रंगविलेले होते. अनेक ठिकाणी तर सावल्याही दिव्याने न पाडता कुंचल्याने काढल्या होत्या. मर्यादित साधनांनाच शैली कसे बनवावे, याचा हा उत्तम नमुना होय.

कथाही तशीच बोचरी आहे. जत्रेत खेळ करणारा कॅलिगारी एका निद्राभ्रमी तरुणाला पेटीत निजवून ठेवतो आणि रात्री त्याच्याकडून खून करवितो. तरुणाला स्वतःची इच्छा नाही. आज्ञा झाली की हात उठतो. पटकथाकार हान्स यानोव्हिट्झ यांनी महायुद्ध सैन्यात राहून पाहिले होते. आज्ञा आहे म्हणून माणूस माणसाला मारतो, ही गोष्ट त्यांना कल्पनेतून आणावी लागली नाही. पुढे १९४७ साली समीक्षक सिगफ्रीड क्राकाउअर यांनी आपल्या ग्रंथात या कॅलिगारीमध्ये येऊ घातलेल्या हिटलरशाहीची पूर्वछाया पाहिली. त्या मताविषयी आजही वाद होतो. पण प्रश्न मात्र जुना झालेला नाही.

मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेरातू’ (१९२२) मध्ये जिन्यावरून चढणारी एक सावलीच प्रेक्षकांचा थरकाप उडविते. त्यांच्याच ‘द लास्ट लाफ’ (१९२४) मध्ये हॉटेलचा वृद्ध द्वारपाल आपला झगझगीत गणवेश गमावतो आणि त्याबरोबर शेजाऱ्यांतील मानही गमावतो. मान माणसाचा की कपड्याचा, हा प्रश्न फिरत्या कॅमेऱ्याने जवळजवळ शब्दांवाचून विचारला आहे. त्या काळात बर्लिनजवळच्या स्टुडिओत काम करणारे तरुण आल्फ्रेड हिचकॉक मुर्नाऊंचे काम पाहून बरेच शिकले. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर फ्रिट्झ लांग, बिली वाइल्डर यांच्यासारखे अनेक जण देश सोडून अखेरीस अमेरिकेत पोहोचले. तेथील गुन्हेपटांतील ओले रस्ते, अर्धवट उजळलेले चेहरे आणि पडद्यांच्या पट्ट्यांमधून येणारा उजेड यांवर त्यांच्या कलेची छाप आहे.

ही छाप भारतातही पोहोचली. प्रभात कंपनीच्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रक्रियेसाठी व्ही. शांताराम १९३३ साली जर्मनीला गेले होते. रंगांचा प्रयोग मनाजोगता साधला नाही. पण तेथील प्रकाशयोजनेचे संस्कार घेऊन ते परतले. दुसऱ्याच वर्षी पुण्यात त्यांचा ‘अमृतमंथन’ तयार झाला. त्यातील गडद सावल्यांचे मंदिर आणि टेलिफोटो भिंगाने टिपलेला राजगुरूचा डोळा आजही अभ्यासकांच्या चर्चेत असतो.

या चित्रपटाचा विषय आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. राजा क्रांतिवर्मा नरबळी आणि पशुबळी बंद करतो. संतप्त राजगुरू आपल्या अनुयायी यशोधर्माकरवी राजाचाच वध करवितो. मराठी आवृत्तीत राजगुरूची भूमिका केशवराव दाते यांनी, तर हिंदीत चंद्रमोहन यांनी केली. कॅलिगारीच्या पेटीतील तरुण झोपेत होता; यशोधर्मा मात्र जागा होता. श्रद्धेच्या नावाखाली त्याने आपला विवेक दुसऱ्याच्या हाती दिला, एवढाच काय तो फरक.

म्हणूनच हे दोन्ही चित्रपट घरातील तरुण मुलांसह पाहण्याजोगे आहेत. वडीलधाऱ्यांचा मान राखणे ही आपल्या घरांची शिकवण आहे आणि ती योग्यच आहे. परंतु ज्या आज्ञेने एखाद्या जिवाला इजा पोहोचते, तिच्यापुढे क्षणभर थांबून स्वतःला विचारणे, हेही त्याच शिकवणीचे अंग आहे. सांगणारा कितीही मोठा असो, केलेल्या कर्माचा हिशेब शेवटी करणाऱ्याच्याच खात्यावर मांडला जातो.